मिठाच्या पापडीखाली

बाबा, तुमची नात सांभरला गेली आहे. राजस्थानातल्या त्याच खाऱ्या तलावावर, पक्ष्यांचा अभ्यास करायला. सकाळपासून तिचा फोन लागत नाही आणि जबलपूरच्या गोरखपुरातल्या या घरात मी एकामागून एक पोळ्या करपवते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काहून इतकी घाबरून राहिली?" भीती कशाची ते तुम्हीच मला दाखवलंत, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी तिसरीत होते. तुम्ही सिहोऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचात, आणि सुट्टीत तरी शिकवणं थांबवावं हे तुम्हाला कधी सुचलं नाही. होळीच्या सुट्टीत आपण दोघंच निघालो तर गाडीत सुरूच. या तलावात नद्या येतात, पण बाहेर एकही जात नाही. पाण्याला वाट एकच, वर, उन्हात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. उरलेल्या खाऱ्या पाण्यात शेवाळ माजतं, ते खाऊन रोहित पक्षी गुलाबी होतात. पोहोचलो तेव्हा काठापासून लांबवर सगळं पांढरं, आणि पार पलीकडे पाण्याची एक रेघ, तिच्यावर गुलाबी ठिपके.

आपण नर्मदेकाठची माणसं. पाणी दिसलं की आधी हात लावायचा, ओला हात कपाळाला न्यायचा, मग बाकीचं. ग्वारीघाटावर काढायचात तशा तुम्ही तिथेही चपला काढल्या. "तू थांब इथंच, मी नमस्कार करून येतो," म्हणालात आणि निघालात त्या रेघेकडे. सगळा तलाव मला समजावून सांगितलेला माणूस! मिठाची पापडी आधी नुसती कुरकुरते. मग फुटते. खालच्या काळ्या चिखलाचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि तुम्ही मांडीपर्यंत आत. एक पाय काढायला जाता, दुसरा खोल जातो. मी धावत निघते तशी तुम्ही ओरडता, "मागं हो! हलशील तर तंगडं मोडीन!" मोडायला येणार कसे होतात, याचं आज हसू येतं. तेव्हा तुमचा चेहरा दिसत होता. माझ्या बापालाही भीती वाटते हे मला तिथे कळलं. शेवटी तुम्ही पोटावर आडवे झालात आणि सरपटत काठाला आलात. तळहात मिठाने सोलून निघाले होते. परतीच्या गाडीत तुम्ही काहीच शिकवलं नाही.

आत्ता फोन आला. "अरे मम्मी, रेंज नव्हती. आम्ही आत होतो, पाण्यापाशी."

"हात लावलास पाण्याला?"

"लावला न. तूच तं शिकवलं."

मग मी तिला तुमची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, थोडी वाढवूनच. चिखल तुमच्या गळ्यापर्यंत नेला. ती हसत सुटली. "आजोबा भी न! अगं, इथलेच एक भैया सोबत असतात, ते म्हणतील तिथंच पाय ठेवतो आम्ही. टेन्शन मत लो." अजून महिनाभर ती रोज आत जाणार आहे.

ती सुखरूप आहे, बाबा, आणि तरी मी आणखी एक पोळी करपवली. ती हसली म्हणून मी चिडले, मध्येच फोन बंद केला. मला ती घाबरायला हवी होती. इतकी, की अभ्यासबिभ्यास टाकून पहिल्या गाडीने जबलपूरला परत यावी. हे मी तिला कधी कळू देणार नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.