नकाशांच्या दालनातलं वाचक मंडळ

प्रिय किरकिरे,

त्या सकाळी नळाचं पाणी लवकर जाणार होतं, म्हणून मी आधी कपडे उरकले. दोन चादरी, तुझ्या बाबांचे कामावरचे दोन सदरे, आणि सदऱ्यांच्या खिशात नेहमीप्रमाणे लाकडाचा भुसा. ते झटकून, पिळून दोरीवर टाकले, केर काढला, दूध तापवून झाकलं आणि डबा भरायला घेतला, तर ओट्यावर बरणीखाली एक चिठ्ठी. तुझे बाबा मी उठायच्या आधीच कामावर गेले होते. चिठ्ठी मी उलटीसुलटी करून पाहिली, तिची घडी घातली आणि डब्याच्या फडक्यात बांधून टाकली. मग डबा घेऊन चालत संग्रहालयात, त्यांच्या कामावर, गेले. आमच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. मी बावीस वर्षांची होते आणि तुझा अजून पत्ताही नव्हता.

हे मधूनच कुठून काढलं, असं म्हणशील. तू नेहमी म्हणतेस, 'आई, मुद्द्यावर ये.' येते. पण मला माझ्या वाटेने येऊ दे.

आधी रविवारचं. तू फोनवर 'आई, तारीख सापडली!' म्हणालीस तेव्हा इतकी ओरडलीस की मी फोन कानापासून लांब धरला. तुझ्या शाळेतल्या मुलांची परीक्षा शनिवारी संपते, नवरदेवाचं, म्हणजे लंबूचं, जहाज पुढच्या आठवड्यात निघतं, मधे एकच सोमवार, आणि सोमवारी संग्रहालय बंद, म्हणजे नकाशांचं दालन दिवसभर मोकळं. चाळीस माणसं, सह्या, थोडं खाणं, गप्पा. 'बाबांनी घातलेल्या लाकडी जमिनीवर उभं राहून लग्न करायचंय मला,' असंही म्हणालीस. आणि मी श्वाससुद्धा न घेता म्हणाले, 'अगं, ती तारीख गेली.' कोणी घेतली विचारलंस, तर म्हणाले, एका वाचक मंडळाने. मग लहानपणी खाऊ मागायचीस त्या आवाजात म्हणालीस, 'बघ ना विचारून. दुसरा दिवसच नाही गं.' बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते मंडळ मला चांगलं ठाऊक आहे. तेच सांगायचंय, पण त्याआधी आमच्या कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा गेल्यावर संग्रहालयाने मला आधी तिकिटांच्या खिडकीत बसवलं आणि मग दालनं भाड्याने द्यायच्या कामावर घेतलं, हे तुला माहीत आहे. लोकांना वाटतं, काय ते काम, तारखा लिहायच्या. बसून बघावं एकदा. मागच्या महिन्यात एका कंपनीची बैठक मोठ्या दालनात होती. त्यांचा साहेब येऊन म्हणाला, 'बाई, तो देवमाशाचा सांगाडा जरा बाजूला सरकवता येईल का? जेवताना डोक्यावर बरा दिसत नाही.' मी म्हटलं, 'साहेब, त्याने तुमच्या आधी नंबर लावलाय.' एका निवृत्ती समारंभात कुणीतरी दगडी योद्ध्याच्या हातावर सहा कोट टांगून ठेवले, आणि योद्ध्याने ते तीन तास बिनतक्रार धरले. दिवा नाही, मेणबत्ती नाही, पाण्यातली फुलं नाहीत, लाल सरबत तर नाहीच. खुर्च्यांच्या पायांना नमदा, म्हणजे जमिनीवर ओरखडे नकोत. पाहुणे यायच्या आधी एकदा आणि गेल्यावर एकदा दालनातली एकेक वस्तू नजरेखालून घालायची. मला हे सगळं आवडतं. रोज कुणाचा तरी आनंदाचा दिवस माझ्या टेबलावरून जातो, आणि तो नीट पार पडला की मला घरी जाऊन चांगली झोप लागते.

तर तारखांची रीत अशी. कुणी विचारणा केली की वहीत त्या तारखेवर पेन्सिलीने नाव आणि फोन नंबर लिहायचा. पंधरा दिवस ती त्यांच्यासाठी राखून ठेवायची. त्यांनी अर्ज भरला की शाई, नाही भरला की खोडरबर. आणि पेन्सिलीतल्या तारखेला दुसऱ्या कुणी विचारलं, तर आधीच्याला फोन करून विचारायचं, घेताय की सोडताय? नियम साधा आहे. गेली तीन वर्षं त्या एका तारखेवर, नकाशांच्या दालनाच्या रकान्यात, 'वाचक मंडळ' असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. पंधरा दिवस भरत आले की ते खोडलं जातं आणि पुन्हा लिहिलं जातं. अक्षर माझंच असतं. वही माझ्याच टेबलावर असते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

गुरुवारी मी चौकशीला आलेल्या एका आजोबांशी बोलत होते. फोन घेतला आमच्या घड्याळाने. घड्याळ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, दोन वर्षांत निवृत्त होतील, पण आजवर एक मिनिट उशिरा आलेले नाहीत. ते फोनवर म्हणत होते, 'नकाशांचं दालन ना? आहे, पण पेन्सिलीत आहे. शाई नाही झालेली. थांबा, मंडळाला विचारून कळवतो.' पलीकडे तुझा लंबू होता, हे मला नंतर कळलं. त्याने तुला न सांगता केला होता फोन. त्याला रागावू नकोस. आपल्या माणसासाठी गुपचूप धडपडणारा जावई मला चालेल.

घड्याळाने माझी वही ओढली, बोट ठेवून कार्यालयाच्या फोनवरून मंडळाचा नंबर फिरवला, आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

आता नंबर तर कुठला तरी लिहावाच लागतो ना. पहिल्या वर्षी मी माझाच लिहिला होता, तो तसाच चालत आला. आणि हल्ली नंबर पाठ कुणाला असतात? मी पर्सकडे बघितलंच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं आता सगळं दालन माझ्याकडे बघतंय. घड्याळ मात्र साधेपणाने म्हणाले, 'ताई, तुमचा वाजतोय. घ्या ना, हे मंडळवाले काही उचलत नाहीत.' मी फोन काढला आणि कॉल तोडला. त्यांचा कट झाला. 'कट करतात वर!' असं म्हणून त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा माझा वाजला. मग त्यांनी हातातल्या फोनकडे बघितलं, माझ्या पर्सकडे बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला. आजोबा म्हणाले, 'मी नंतर येतो.'

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. वही बघितली आणि विचारलं, 'वाचक मंडळाचे सभासद किती?' मी म्हटलं, एक. 'अध्यक्ष, चिटणीस?' सगळं मीच, म्हटलं. माझे कान तापले होते. वाटलं, नोकरी गेली. त्या जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'मग आज बैठक घ्या आणि उद्या सकाळी अकरापर्यंत निर्णय कळवा. नियम सगळ्यांना सारखा.' त्या गेल्यावर घड्याळ हळूच म्हणाले, 'गणसंख्येची तरी अडचण नाही.' आणि मला, बाई, हसूच फुटलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू.

वहीत राखून ठेवलेल्या त्या तारखेला दर वर्षी मी दालनात एकटी काय करते, तेही सांगते. अर्ध्या दिवसाची रजा टाकते, दार लावून घेते आणि खुर्ची न घेता खाली जमिनीवर बसते. बरोबर नेलेलं पुस्तक मोठ्याने वाचते, दोन ते पाच. बस, एवढंच. बाबा गेले तो दिवस हा नव्हे, हे तुला माहीतच आहे. तो दिवस आपण दोघी फोनवर काढतो. हा दिवस मी डबा घेऊन गेले होते तो.

ते तेव्हा त्याच दालनात जमीन घालत होते. गुडघ्यावर बसलेले, तोंडात खिळे. मला बघून खिळ्यांआडूनच म्हणाले, 'डबा कशाला आणलास? दुपारी घरी जेवायला येतो, लिहिलं होतं ना?' मी म्हटलं, 'चिठ्ठी? मला नाही दिसली. वाऱ्याने उडाली असेल.' त्यांनी डबा घेतला, फडकं सोडलं, आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर पडली.

मला वाचता येत नव्हतं, किरकिरे. एक अक्षरसुद्धा नाही. पाच भावंडांत मी थोरली, आई अंथरुणाला खिळलेली, मला शाळेत कोण पाठवणार? नाव तेवढं मी चित्रासारखं काढायची, लग्नात सहीला ते पुरलं. 'चौथी पास' हे मावशीने लग्न जमवताना ठोकून दिलं होतं, आणि मी पाच महिने ते निभावत होते. वर्तमानपत्र समोर धरून बसायची मी, त्यातल्या चित्रांवरून कुठली बाजू वर ते ठरवायची.

बाबांनी तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि खिशात टाकले. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माहेरी पाठवतील. त्यांनी बाजूच्या ढिगातली एक फळी उलटी केली. तुला त्यांची पद्धत माहीत नसेल. फळ्या आधी कोरड्या जुळवून बघायच्या, मग त्यांच्या पाठीवर खडूने क्रमाने अक्षरं घालायची आणि त्याच क्रमाने बसवायच्या, म्हणजे सांधा चुकत नाही. फळीवर होतं अ. म्हणाले, 'हा अ. हा दे मला आधी.' मग आ. मग इ. त्या दुपारी ते बसवत गेले आणि मी अक्षरं ओळखून फळ्या देत गेले. चुकीची दिली की नुसते म्हणायचे, 'ही इथे बसत नाही बघ.' संध्याकाळपर्यंत सव्वीस फळ्या बसल्या आणि मला सव्वीस अक्षरं आली. त्यातली अर्धी दुसऱ्या दिवशी विसरले, ते सोड. मुळाक्षरं संपल्यावर त्यांनी बाराखडी घातली होती. आठ दिवस मी जेवण झालं की तिकडे जात होते. पुढचं माझं मी शिकले, काचेच्या कपाटांतल्या पाट्या वाचून. तांब्याचं भांडं, हाडाची सुई, धान्य साठवायचा रांजण. मग वाचनालय, आणि मग कुणी थांबवू शकलं नाही.

तुला आम्ही कधी सांगितलं नाही. बाबा सांगू म्हणायचे, मी नको म्हणायची. तू दहा वर्षांची असताना खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई पत्र वाचून घ्यायला आल्या होत्या, आठवतंय? त्या गेल्यावर तू हसलीस, 'एवढ्या मोठ्या आणि वाचता येत नाही!' मी तुला इतकी बोलले की दोन दिवस तू माझ्याशी अबोला धरलास. अजून तू ती गोष्ट 'आईचा विनाकारण राग' म्हणून सांगतेस. कारण होतं गं.

गुरुवारी घरी येऊन मी कपडे धुतले. बाबांचा एक सदरा अजून दारामागच्या खिळ्यावर असतो, तोही दर आठवड्याला धुते, वाळवते आणि परत लावते. कुणी घालत नाही म्हणून मळत नाही असं थोडंच आहे. तो दोरीवर टाकताना बैठक झाली म्हण. तारीख सोडायची हे तर लगेच ठरलं, त्यात ठरवण्यासारखं काय होतं? लेकीच्या लग्नापुढे मी एक दुपार अडवून बसले होते, याचीच लाज वाटली. पण तुला काय सांगायचं, यावर मंडळात फूट पडली. 'मंडळाने तारीख रद्द केली' एवढं म्हटलं असतं तरी तू नाचली असतीस आणि पुन्हा विचारलंही नसतंस. मावशीच्या थापेवर माझी एक थाप. ओठांवरही आलं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवला.

मग हे पत्र लिहायचं ठरवलं. फोनवर मी हे सांगितलं असतं तर मधेच रडले असते, किंवा तू रडली असतीस, आणि अर्धं राहिलं असतं. शिवाय ही गोष्ट तुला वाचायलाच मिळावी असं वाटलं, माझ्या हातची. तू लग्नात ज्या जमिनीवर उभी राहणार आहेस तिच्या खालच्या अंगाला काय लिहिलंय, ते तुला त्याआधी कळायला हवं. आता बाबांनंतर ते फक्त मला ठाऊक होतं. तू शिक्षिका आहेस, तुझ्या वर्गात एखादीला येत नसेल आणि ती लपवत असेल, तर तुला ओळखता येईल, असंही एक मनात आलं. पण ते नंतर सुचलं. आधी फक्त तुला सांगायचं होतं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला मी वहीतलं 'वाचक मंडळ' खोडरबराने पुसलं, माझा बिल्ला टेबलावर काढून ठेवला, लोक येतात त्या दाराने बाहेरून आत आले, घड्याळाच्या टेबलासमोर उभी राहिले, आणि तुझ्या लग्नासाठी नकाशांच्या दालनाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिला.

तुझीच,
आई