पुडीची सुतळी

हॉलीवूड,
२ एप्रिल १९४६

प्रिय मेटाताई,

तुझे गुडघे आणि आईचा खोकला दोन्ही जरा ताळ्यावर असतील असं धरून चालतो. मिलवॉकीत तुम्ही अजून बर्फ उपसत असाल. तू पाठवलेली सॉसेजं पोचली, निम्मी शेजाऱ्याने फस्त केली. तो हंगेरीचा, पडद्यावर माझ्यासारखाच दुष्ट.

ईस्टरनंतरच्या रविवारी आईला घेऊन तुम्ही सगळे चर्चवाले माझ्या नव्या चित्रपटाला जाणार, असं तू लिहितेस. "आता तरी पोरगं माणसासारखं दिसेल," असं आई म्हणाली म्हणे. मागे मी पडद्यावर एका ननच्या थोबाडीत मारली, तेव्हापासून तिने थेटराची पायरी चढलेली नाही.

त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी जरा चिडू दे. जर्मन उच्चार घालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि स्टुडिओने नेमका तोच परत मागितला. लढाईभर मी नाझी अधिकारी होऊन बूट आपटत राहिलो आणि दर चित्रपटात मेलो. लढाई संपली, वाटलं सुटलो. या वेळी मी औषधांच्या दुकानाचा साधा मालक होतो. आजारी मुलीचं औषध बांधून द्यायचं आणि तिच्या आईला म्हणायचं, "काळजी करू नका, उद्या खेळायला लागेल." बस्स.

चित्रपट पुरा होण्याआधी इथे तो साध्या प्रेक्षकांना दाखवतात आणि कार्डांवर मतं लिहून घेतात. मीही गुपचूप मागे बसलो होतो. मी पुडी बांधायला लागलो तशी पुढची बाई ओरडली, "अगं, घेऊ नकोस, विष घातलंय त्यात." पोर बरी झाली तरी लोक शेवटपर्यंत मी कधी पकडला जातो याची वाट बघत होते. कार्डांवर हाच प्रश्न: औषधवाल्याला अटक का नाही?

निर्माता पाठीवर थाप मारून म्हणाला, "ऑगस्ट, तुझा दोष नाही रे. इतकी वर्षं तू कामच इतकं चोख केलंस. पुढच्या महिन्यात एक फरारी कर्नल आहे, तो तुलाच." मी हो म्हणालो. फार राग आला ताई, सगळ्यात जास्त माझाच.

तर चित्रपटात आता मी नाही. ती कार्डं वाचून त्यांनी माझा चेहरा कापून टाकला, आवाजही. पुडी बांधणारे हात तेवढे उरलेत. शूटिंगच्या वेळी तिथे कात्री ठेवली होती, ती मी बाजूला सारली. बाबा आपल्या दुकानात तोडायचे तशी सुतळी बोटाभोवती गुंडाळून हिसक्याने तोडली.

चर्चवाल्यांना काय सांगायचं ते तूच बघ, मला तोंड नाही. आईला मात्र ने. आधी काही बोलू नकोस. सुतळी तुटेल तेव्हा पडद्याकडे नको, तिच्याकडे बघ. तिने ओळखलं तर लगेच तार कर, कर्नलला मी नाही म्हणून टाकेन. नाही ओळखलं, तर पुढच्या पत्रात फक्त हवापाण्याचं लिही. मी समजेन.

रीमरांच्या दुकानातला तुझा धाकटा,
ऑगी