लुगड्याचा पीळ

इंदुरी, ता. २८ जून १९४६

चिरंजीव हौशीराम यास महिपती आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या चुलतीची तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत. अक्षर वाकडं आलं आहे, ते मनावर घेऊ नकोस. टाक खराब आहे.

तुझं पत्र परवा मिळालं. विलायतेत जूनमध्येही स्वेटर घालावा लागतो हे वाचल्यापासून मला चैन नाही. गळा उघडा ठेवू नकोस. लोणावळ्याची चिक्की बोटीत मऊ पडली असेल तर खाऊ नकोस. खाल्ली असशील तर पोट कसं आहे ते कळव.

थंडीनं मनगट पुन्हा ठणकतं, पुढच्या कसोटीत खेळणार का असं कप्तानानं विचारलं, आणि 'नाही' सांगावंसं वाटतं, असं तू लिहिलंस. मी भित्रा माणूस. 'नाही सांग आणि मिळेल त्या बोटीनं घरी ये', असं लिहायला बसलोच होतो. तुझ्या चुलतीनं, धोंडाबाईनं, ते बघितलं. म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. त्यानं लुगडं कशापायी पिळलं व्हतं?"

आठवतं ना? पुण्याच्या सामन्यात चेंडू लागून तुझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळक्या शेंगेसारखा झाला होता. हाताला पिळायचं काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तू तेव्हा रेल्वेत नोकरीला; मी तुला लोणावळ्याच्या रेल्वे-खोलीतून घरी आणलं आणि रोज सकाळी इंद्रायणीच्या घाटावर चुलतीचं ओलं नऊवारी पिळायला बसवलं. बायका हसून बेजार. शेजारची रतनबाई तर ओरडायची, "हौशीराम, माझंबी पीळ की! पोरगी बघते तुला!"

तू लाजायचास, पण पिळायचास. आधी थेंब पडेना. मग एका सकाळी लुगड्यातून धार लागली, आणि तू ते ओलं लुगडं खांद्यावर टाकून घाटावरच नाचलास. त्यानंतरच पुन्हा बॅट धरलीस.

तेव्हा 'नाही' म्हणू नकोस. गरम पाण्यानं शेक. तिकडे लुगडं कुठून मिळणार, टॉवेल पीळ. फारच दुखलं तर मात्र... नाही, ते वाक्य पुरं करत नाही. धोंडाबाई बघते आहे.

गेल्या महिन्यात तुझ्या शतकाची बातमी मला तळेगावच्या स्टेशनमास्तरांनी पेपरातून वाचून दाखवली. मी थेट घाटावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. रतनबाई म्हणाली, "शंबर म्हंजी कसं मारत्यात वो, आबा?" मी धोंडाबाईच्या हातातलं कपडे बडवायचं धोपाटणं घेतलं आणि तुझ्यासारखा डावा पाय ऐटीत पुढे टाकला.

पुढे शेवाळ होतं.

हे लिहायचं नव्हतं. तू काळजीनं सामना सोडून येशील, अशी भीती होती. माझं उजवं मनगट मोडलं, बाबा. टाक चांगला आहे. हे सगळं डाव्या हातानं लिहितो आहे.

हाडवैद्यानं गेल्या सोमवारी पट्टी सोडली. हात बघून मला रडूच आलं. आता नदीला पाणी चढलंय, म्हणून धोंडाबाई मला पडवीतच लुगडं पिळायला बसवते. आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येतात. रतनबाई म्हणते, "आबा, तुमीबी विलायतेला खेळाया जानार, व्हय?" मला राग येतो, पण हसूही येतं. काल लुगड्यातून थोडं पाणी निघालं. मी खूश झालो, तर तुझी चुलती म्हणते, "थेंबावर खूश हुतासा व्हय? धार पायजे, धार!"

हे पत्र विमानाच्या टपालानं धाडतो, म्हणजे सामन्याआधी मिळेल. तू तिकडे खेळायला उतर. मी इकडे पिळतो. माझ्यासाठी परत फिरू नकोस. स्वेटर घालूनच खेळ.

खालची सही उजव्या हातानं केली आहे. वाचता आली, तर कप्तानाला 'हो' सांग.

तुझा आबा,
महिपती