आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही

२ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. कोणालाही दाखवायची नाही.

कंपनीची चाचेगिरीविरोधी ऑनलाइन परीक्षा दिली. दहापैकी दहा. सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं. चौथा प्रश्न असा होता, की केवळ पुरावा म्हणून सिनेमाची चोरीची प्रत उतरवून घेतली तर चालेल का? उत्तर: चालणार नाही. असले प्रश्न विचारतात म्हणजे याचं उत्तर चुकणारे लोकही आमच्यात असणार. कीव येते.

५ जून
शुक्रवारी मालिका येतेय. बंदरावरच्या एका डिटेक्टिव्हची, परदेशी, आठ भाग. पडद्याखालच्या मराठी ओळी सगळ्या माझ्या. चार महिने खपलोय. शेवटी दोन सेकंद माझं नाव येणार.

मालिका मी अजून पाहिलेली नाही. फुटू नये म्हणून कंपनी आम्हाला जो व्हिडिओ देते तो सगळा काळा असतो, बोलणाऱ्याच्या तोंडापुरतं गोल भोक. चार महिने नुसते ओठ पाहिले. पण अनुभव असला की ओठांवरूनही माणूस कळतो. हीरो सारखा कोणालातरी विचारत असतो की तुला काय वाटतं, आणि समोरचा एकदाही उत्तर देत नाही. जो उत्तर देत नाही तो वरिष्ठच असणार. मी सगळीकडे 'साहेब, तुम्हाला काय वाटतं?' केलं. नवशिक्याला हे सुचलं नसतं.

चौदा तारखेला सासरे आठ दिवसांसाठी येताहेत. कोर्टात हेडक्लार्क होते. सही-शिक्का नसेल तर पावसालाही पाऊस म्हणणार नाहीत. जावई दिवसभर घरात बसून नक्की करतो काय, हे त्यांना नऊ वर्षांत पटलेलं नाही. मेहुण्याच्या टाइल्सच्या गोदामात सुपरवायझरची जागा रिकामी आहे, हे त्यांनी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं. आधी दोनदा बायको 'नाही' म्हणाली होती. या वेळी 'बघू' म्हणाली.

टीव्हीवर नाव दाखवायचं, विषय संपवायचा.

८ जून, संध्याकाळी
मालिका आली. अॅप उघडलं. पडद्यावर एकच ओळ: 'हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.'

हे वाक्यही माझंच. तीन वर्षांपूर्वी केलं होतं. 'उपलब्ध नाही' की 'मिळणार नाही' यावर अर्धा तास घालवला होता.

हेल्पलाइनला फोन. बाई म्हणाल्या, आपल्या प्रदेशाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आहेत. मग ती कधी दाखवणार? तर तिचा दाखवायचा विचार नाही, तिनं ते फक्त घेऊन ठेवलेत. म्हणजे मराठी ओळी अकरा देशांत दिसणार आणि जिथे मराठी माणूस शेकड्यानं भेटतो तिथेच नाही. मी म्हटलं, बाई, या मालिकेतली मराठी ओळ अन् ओळ मी लिहिली आहे. त्या म्हणाल्या, आमच्या कार्यक्रमांत रस दाखवल्याबद्दल धन्यवाद.

कायदा करणाऱ्यांना डोकं नसतं. तरीही कायदा तो कायदा. मी मोडणार नाही.

९ जून
व्हीपीएन घेतलं. ही चोरी नाही, मी फक्त कागदोपत्री परदेशी गेलोय.

दुपारी
अॅपला संशय आला नाही, तिथली वर्गणी भरताना बँकेला आला. तुमचं कार्ड तासाभरात दोन देशांत कसं, म्हणून बंद केलं. मग बायकोचं वापरून पाहिलं. तेही बंद. ती तेव्हा किराणा दुकानात भरलेल्या पिशव्या घेऊन उभी होती. घरी आल्यावर काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

११ जून
खालच्या मजल्यावर चष्मेवाला राहतो. या माणसानं आयुष्यात एकही सिनेमा सरळ मार्गानं पाहिलेला नाही. मागे मी त्याला जिन्यात गाठून कॉपीराइटवर वीस मिनिटं ऐकवलं होतं. तेव्हा सगळं ऐकून म्हणाला, तुमचा डावा डोळा तपासून घ्या.

आज सहज विषय काढला. त्यानं खिशातूनच पेनड्राइव्ह काढला. आठही भाग, मराठी ओळींसकट. कप्तान बोका नावाचा कोणी चोरून नेटवर टाकतो, त्याची प्रत. चष्मेवाला म्हणाला, घरी सगळे बोक्यासाठीच बघतात, काय मराठी लिहितो!

पेनड्राइव्ह घेतला. फक्त पुरावा म्हणून.

१२ जून
पाहिली. ओळी माझ्या, स्वल्पविरामासकट. शेवटी माझं नाव खोडून 'मराठी ओळी: कप्तान बोका'. अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याचा घाम पुसून स्वतःच्या कपाळाला लावायचा, ही यांची जात.

आणखी एक. ते साहेब म्हणजे कुत्रा आहे. मोठा, तपकिरी, एक कान पडलेला. हीरो त्याच्यापुढे बसून विचारतो, साहेब, तुम्हाला काय वाटतं? साहेब पाय वर करतात.

नीट विचार केल्यावर हे मला आतून ठाऊकच होतं असं वाटतं. विनोद म्हणूनच केलं असणार.

कंपनीला तक्रार पाठवली. प्रत कुठून मिळाली या रकान्यात खरं तेच लिहिलं: चष्मेवाल्याकडून, पुरावा म्हणून. आता बोक्याची खैर नाही.

१३ जून
ओळींची फाइल साधी असते, कोणालाही बदलता येते. बोक्याचं नाव काढून माझं घातलं. ही फेरफार नव्हे, दुरुस्ती आहे. मूळ पुरावाही त्याच पेनड्राइव्हवर ठेवला. उद्या सासरे.

१४ जून, संध्याकाळी
पहिला भाग सगळ्यांनी मिळून पाहिला. सासऱ्यांनी चष्मा पुसून घातला आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली, कोर्टात वाचायचे तशी. 'साहेब, तुम्हाला काय वाटतं?' आलं आणि ते हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी आलं, बायकोनं पाठ चोळली. दर वेळी कुत्रा आला की आधीच हसायला लागत. बायको माझ्याकडे बघत होती. खूप दिवसांनी अशी बघत होती.

मग शेवट आला. टीव्हीनं जुनीच फाइल उघडली होती. 'मराठी ओळी: कप्तान बोका.'

सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, हे बोका कोण? सगळं समजावायचं तर हक्क, अकरा देश, व्हीपीएन, चष्मेवाला. आणि शेवटी एवढंच उरलं असतं की नाव दुसऱ्याचं आहे. मेहुण्याचा फोन यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, मीच. टोपणनाव आहे.

सासरे म्हणाले, शोभतं.

फोनवर त्यांनी मेहुण्याला सांगितलं की गोदामासाठी दुसरा माणूस बघ. आजचा दिवस माझा. तांत्रिक तपशील सावकाश सांगता येतील.

१७ जून
सासऱ्यांनी आठही भाग संपवले. मालिका पेनड्राइव्हवर का बघायची, असं त्यांनी विचारलं, म्हणून हक्कांची गोष्ट तेवढी सांगितली. सर्टिफिकेटची फ्रेमही पाहिली, शिक्का तपासला, मान हलवली. रोज सकाळी काहीतरी लिहीत बसतात. त्यांना पत्रं लिहायची सवय आहे, पंख्याच्या कंपनीलाही लिहितात. चांगला विरंगुळा आहे.

२० जून
कंपनीचा मेल. तक्रारीचं उत्तर असणार म्हणून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला. दुसऱ्या ओळीपासून मनात वाचला.

सोबत सासऱ्यांच्या पत्राची प्रत होती. तीन पानं, मुद्देसूद, क्रमांक घातलेली. माझं पूर्ण नाव, पत्ता, 'जे कप्तान बोका या नावाने लेखन करतात', मालिका आपल्या प्रदेशात न दाखवून कंपनी एका गुणी माणसावर कसा अन्याय करते आहे, हक्क घेऊन कपाटात ठेवणं न्यायाला धरून कसं नाही. खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड होता. पुरावा म्हणून टीव्हीवर आलेल्या बोक्याच्या नावाचा फोटो जोडला होता. फोटोत टीव्हीशेजारी मी उभा. हसतोय.

कंपनीनं विचारलंय, बोक्याविरुद्ध तक्रार करणारे आपण आणि बोका आपण, यातले नक्की कोण?

२१ जून
उत्तर पाठवलं. चार पानं. सगळं खरं लिहिलं. खरं लिहिलं की माणसाला भीती नसते.

२३ जून
काम बंद. कारण: परीक्षेतला प्रश्न चार. शिवाय कुत्र्याबद्दल एक वेगळा परिच्छेद.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आपण होऊन मुक्काम वाढवलाय. दुसऱ्या पर्वाची वाट बघताहेत.

३० जून
सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, मी पत्र लिहू का? बायकोनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० जुलै
गोदाम. तात्पुरतं. इथेही शब्दांचं काम आहेच, खोक्यांवर 'फुटणारा माल' लिहायचं असतं. मी अक्षर सुधारलं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, जरा मोठं आणि पटापट.

१८ सप्टेंबर
दुसरं पर्व आलं. अॅपवर माझंच वाक्य. ते अजून कोणी बदललेलं नाही, बदलण्यासारखं नाहीच.

चष्मेवाल्यानं गोदामात येऊन पेनड्राइव्ह दिला. मी नको म्हटलं. मग घेतला. जेवणाच्या सुट्टीत मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर लावला. मराठी ओळी आता यंत्रानं केलेल्या. हीरो कुत्र्याला विचारतो, 'तू काय विचार करतोस?' कुत्रा नुसता कुत्रा राहिलाय.

सुरुवातीला बोक्यानं स्वतःची एक पाटी घातली आहे: 'या वेळच्या मराठी ओळी चांगल्या नाहीत. प्रेक्षकांनी माफ करावं. आमचा नेहमीचा माणूस आता तिथे नाही.'

थांबवून चार वेळा वाचली. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी लिहिलेलं हे एवढंच. नाव त्यानंही घातलेलं नाही.