हल्ली थिएटरात शांतता असते

४ जानेवारी, रविवार
यंदा संकल्प एकच. आपल्या इथल्या थिएटरच्या प्रेक्षकांना माणसात आणायचं. व्यायाम, साखर बंद वगैरे हौशी लोकांनी करावं.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन. गेल्या महिन्यात ही आणि मी सिनेमाला गेलो. मागे चिप्सचं पाकीट, पुढे मोबाइलचा उजेड, डावीकडे रडकं बाळ आणि उजवीकडे ही. ही दर पाच मिनिटांनी विचारणार, काय म्हणाला तो? लग्न झाल्यापासून विचारते. कान ठणठणीत आहेत, मी स्वतः तपासलेत. नुसती सवय. ऐन मोक्याच्या प्रसंगाला विचारलं तेव्हा मी शूः केलं. (मोठ्याने केलं, असं तिचं म्हणणं. हळूच केलं होतं.) मध्यंतरानंतर मी पुढच्या एका मोकळ्या सीटवर जाऊन बसलो. उत्तरार्ध उत्तम दिसला.

घरी येताना ही एक अक्षर बोलली नाही. मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून लेकीकडे गेली. नातवाला दात येताहेत म्हणे. दात यायला आजी कशाला लागते, देव जाणे.

म्हणजे चूक कुणाची? त्या चिप्सवाल्याची. तो नसता तर माझं डोकं तापलं नसतं.

८ जानेवारी
दवाखान्यात आज एक आजोबा. सुनेने कान तपासायला आणलं. त्यांचं म्हणणं, मला सगळं ऐकू येतं, घरचेच हल्ली पुटपुटतात. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, नेहमीचं वाक्य सांगितलं : बीप ऐकू आली की बटण दाबा. आजोबा बटण दाबेनात. बाहेर येऊन मलाच ऐकवलं, मशीन बिघडलंय तुमचं.

दुसऱ्या पाळीच्या बाई हसल्या. माझ्याच हाताखाली शिकल्यात. त्यांना म्हटलं, लक्षात ठेवा, पेशंट कधी कबूल करत नाही. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, कागदाची चुरचूर, बायकामुलांचं बोलणं. आणि माणूस खुशीत असतो, की काय छान शांतता झालीये हल्ली. घरच्यांना आधी कळतं, त्याला सगळ्यात शेवटी. बाईंनी मान डोलावली. इतक्या वर्षांचा अनुभव आहे शेवटी.

डबा काचेच्या खोलीतच खाल्ला. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. घरीही हल्ली तसंच, पण इथली खुर्ची चांगली आहे.

११ जानेवारी, रविवार
मोहिमेचा पहिला दिवस. तीनचा खेळ. थिएटर जवळजवळ रिकामं. फक्त एक कुटुंब, पॉपकॉर्नचं पिंप घेऊन. मी त्यांच्या बरोब्बर पुढची सीट मागितली. खिडकीवरचा म्हणाला की साहेब, अख्खं थिएटर मोकळं आहे, पाहिजे तिथे बसा. त्याला काय सांगायचं? पाहणी लांबून होत नाही.

कुटुंबातली मुलगी बापाला गोष्ट समजावून सांगत होती. आता हा त्याचा भाऊ निघणार, आता ही रडणार. बाप तिच्या चुका काढत होता. भयंकर. मी वळून वळून बघत होतो. मध्यंतरात त्यांनी मला पॉपकॉर्न विचारलं. सरळसरळ लाच. घेतलं नाही. म्हणजे मूठभरच घेतलं.

संध्याकाळी हिचा फोन. नातवाला दोन दात आले. कधी येतेस, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आवाज अगदी लहान येत होता. पश्चात्ताप झाला असावा.

१८ जानेवारी
शूः चे तीन प्रकार ठरवले. पहिला सौम्य, फक्त शेजाऱ्याला. दुसरा रांगेपुरता. तिसरा अगदी शेवटचा उपाय, तो वापरायची वेळ येऊ नये.

आज पहिलाच वापरला. तरी चार रांगा पुढची माणसं दचकून वळली. वचक बसायला लागलाय. टॉर्चवाला धावत आला आणि त्याने टॉर्च नेमकी माझ्याच तोंडावर मारली. अंधारात माणसाचा अंदाज चुकतो. मी काही मनाला लावून घेतलं नाही.

२५ जानेवारी
मॅनेजरला भेटलो. आवाज वाढवायला सांगितलं. तो म्हणाला की लोक तर आवाज फार आहे म्हणून भांडतात. कमाल आहे. खरा दोष नटांचाही आहे म्हणा. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वीचे कसे छाती भरून बोलायचे. मॅनेजरचंही तेच, निम्मं बोलणं पोटात.

सर्दी आहे थोडी. कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय. वाफ घेतली. एकट्याने वाफ घ्यायची म्हणजे चादर घसरते. ही मागून धरायची.

८ फेब्रुवारी
यश! शेजारच्या माणसाने चिप्सचं अख्खं पाकीट फस्त केलं आणि चुरचूर नाही. शपथेवर सांगतो, एवढीसुद्धा नाही. मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. पॉपकॉर्नवाली मुलगी बापाच्या कानाला लागली होती, पण माझ्यापर्यंत अवाक्षर पोहोचलं नाही. महिनाभरात एवढा बदल. कुणी हार घालणार नाहीच, अपेक्षाही नाही.

शेवट मात्र नीट लागला नाही. मोठा भाऊ मेला की गावाला गेला? मागच्या वेळी त्या मुलीने कसं सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

घरी येऊन फोन केला. ही अगदीच कुजबुजत होती, म्हणून लेकीने घेतला. लेक ओरडून बोलते हल्ली. उद्धट झालीये, पण कळतं तरी. म्हणाली, आई बावीस तारखेला येते आहे. तुमच्या शेजारी बसून एक सिनेमा बघणार आणि मग ठरवणार, राहायचं की परत यायचं. शेवटी म्हणाली, "बाबा, या वेळी तिला गप्प करू नका. ती खरंच येणार नाही मग."

मी कधी गप्प केलं? उगाच आपलं काहीतरी.

१५ फेब्रुवारी
ही येणार म्हणून तयारी. तिच्या उशीचा अभ्रा बदलला. चहाचे कप घासले, दोन्ही. तिचा कप इतके दिवस उपडाच होता, आत कोळी.

दाराची बेल बिघडली आहे. कुरिअरवाल्याने दार बडवलं, वर म्हणतो की केव्हाचा वाजवतोय. इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने दोनदा दाबली, माझ्याकडे पाहिलं, चालू आहे म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. आजकाल कामं न करता पैसे घेतात. शेजारीण सांगून गेली की टीव्हीचा आवाज कमी ठेवा. भिंती पातळ आहेत या बिल्डिंगच्या, त्याला मी काय करू?

२१ फेब्रुवारी
उद्याचे नियम. एक, शूः करायचं नाही, कोणत्याच प्रकारचं. दोन, काय म्हणाला तो, असं हिने विचारलं की उत्तर द्यायचं. पूर्ण वाक्यात. चेहरा हसरा. तीन, जागा सोडून कुठेही जायचं नाही.

निळा शर्ट इस्त्री केला. बाहीवर थोडा डाग पडला, इस्त्रीचा. अंधारात दिसणार नाही.

२२ फेब्रुवारी, रात्री
झालं ते असं.

ही दुपारी आली. म्हणे पाव तास बेल वाजवत उभी होते. मी म्हटलं, बेल बिघडली आहे. तिने परत एकदा दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. वाळली आहे थोडी. किंवा मीच बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं.

थिएटर गच्च भरलेलं, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत. मी हिला अभिमानाने सांगितलं की हे सगळं मी केलंय. हळूच सांगितलं. पुढच्या दोन रांगा वळल्या.

सिनेमा सुरू झाला. हिने काहीच विचारलं नाही. मी तयारीत होतो, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. शेवटी मलाच विचारावं लागलं, काय म्हणाला तो? तिने सांगितलं असावं. परत विचारलं. तिने परत सांगितलं असावं. तिसऱ्यांदा विचारलं तर मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केलं. पॉपकॉर्नवाली मुलगी! ओठांवर बोट ठेवलं होतं. मला! मी तिला डोळ्यांनीच समजावलं की तुझी शिस्त चांगली आहे, पण माणूस चुकीचा पकडला आहेस.

पुढे तो मोठा प्रसंग. नवरा-बायको स्टेशनवर समोरासमोर. मी त्यांच्या ओठांवर नजर लावून बसलो होतो, कुठे जरा अर्थ लागायला लागला होता. तेवढ्यात ही माझ्याकडे वळली. माझ्या हातावर हात ठेवला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. पडद्याच्या उजेडात तिचे ओठ हलताना दिसत होते, डोळेही भरलेले होते बहुतेक. माझ्या तोंडातून आपोआप गेलं.

शूः. तिसरा प्रकार.

अख्खं थिएटर वळलं. तिने हात काढून घेतला.

बाहेर आल्यावर विचारलं, मघाशी काय म्हणत होतीस? तिने नुसती मान हलवली. घरी आलीच नाही, परस्पर संध्याकाळच्या बसने परत गेली. बस सुटताना खिडकीतून स्वतःच्या कानाला बोट लावून मला काहीतरी दाखवत होती. कानातलं पडलं असणार. तसाच थिएटरात परत गेलो, दोघांच्या सीटखाली शोधलं. टॉर्चवाल्याने बिचाऱ्याने टॉर्च धरली. सापडलं नाही.

कप परत उपडा घातला.

१ मार्च, रविवार
थिएटर. संपूर्ण शांतता. एवढी की मला मधेच मागे वळून बघावं लागलं, लोक आहेत ना म्हणून. होते. हसतही होते. पॉपकॉर्नचं कुटुंब मी त्यांच्या पुढे जाऊन बसल्यावर उठून पलीकडे गेलं. तिकडून पडदा चांगला दिसत असेल.

मध्यंतरात मॅनेजरने ऑफिसात नेलं. आवाज वाढवून बोलत होता, म्हणजे सुधारणा आहे. म्हणाला, एका प्रेक्षकाबद्दल फार तक्रारी आहेत. जोरजोरात शूः करतो, एकटा असला तरी शेजारच्या अनोळखी माणसांना दर वाक्याला विचारतो, काय म्हणाला तो? मला संताप आला. म्हटलं, मला फक्त दाखवा तो कोण आहे, मी बघतो त्याच्याकडे.

मॅनेजरने टेबलाचा खण उघडला. मग तिकिटाचे पैसे परत दिले आणि दारापर्यंत सोडायला आला. सभ्य माणूस आहे.

उत्तरार्ध राहिला. घरी आलो तर पाच वाजले होते. पाच वाजता घरी येऊन काय करतात, ते मी विसरलोय.

३ मार्च, दुपार
दवाखान्यात लेकीचा फोन येऊन गेला. मला नाही, बाईंना. जेवणाच्या सुट्टीत बाई म्हणाल्या, मशीन तपासायचं आहे, जरा आत बसता का? बसलो. डबा बरोबरच होता. त्यांनी हेडफोन लावले आणि म्हणाल्या, बीप ऐकू आली की बटण दाबा. माझंच वाक्य, माझ्याच सुरात. हसू आलं.

जाड आवाजाच्या काही बीप आल्या. पटापट दाबलं. मग मशीन बंद पडलं. बटण हातात धरून वाट बघत बसलो. काचेपलीकडे बाई मान खाली घालून काहीतरी करत होत्या, दुरुस्ती चालली असावी. मी खूण केली, बिघडलंय. त्यांनी वर पाहिलं नाही. बसून राहिलो. त्या खोलीत इतका वेळ मी डबा न खाता कधी बसलो नव्हतो.

दार उघडलं. मी म्हटलं, "आता तरी सुरू करा."

त्या वाकल्या. माझ्या कानाशी तोंड आणून, मी पेशंटशी बोलतो तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सर, टेस्ट संपली. केव्हाच."

ग्राफ दाखवत होत्या. मी म्हटलं, नको. मला वाचता येतो.

३ मार्च, संध्याकाळ
हिला फोन केला. विचारलं, त्या दिवशी अंधारात काय म्हणत होतीस?

बोलायला लागली. आवाज येत होता, शब्द नाही. उजव्या कानाला लावून पाहिला, डाव्या कानाला लावून पाहिला. बेडरूममध्ये गेलो, खिडकी लावली, पंखा बंद केला. ती बोलतच होती. थांब म्हणावं, मोठ्याने बोल म्हणावं, लेकीला दे म्हणावं, सगळं तोंडाशी आलं. म्हटलं नाही. एकदाची बोलतेय तर मधे तोडायला नको वाटलं. हसली असंही मधे वाटलं. रडली असेल.

मग आवाज थांबला. ती वाट बघत असणार. काहीतरी म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, बरं.

कशाला बरं म्हणालो, ते ती आली की कळेल. नाही आली, तरी कळेल.

बेल बदलून घ्यायची आहे. दिवा लागणारी मिळते.