बिनक्लचची गाडी

॥ श्री दत्त प्रसन्न ॥
कोल्हापूर, ९ जानेवारी २०२५

चि. धैर्यशील भाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेलं पार्सल पोचलं. गिअरबॉक्सच्या ऑईलचे चार डबे, एक फिल्टर. हमाली साठ रुपये मी दिली. सोबतची चिठ्ठीही पोचली. वहिनीनं चिकटपणा करून हलकं ऑईल घातलं म्हणून तुमच्या वडिलांची, आबांची गाडी बसली, असं तुम्ही लिहिलंय. फोनवर तुमचाच आवाज मोठा असतो, म्हणून लिहून सांगते.

मी साडीला पैसे वाचवते, ऑईलला नाही. दर खंडेनवमीला पूजेआधी गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ऑईल पडतं. परवा इंजिन गरम करून, चालू ठेवून ऑईल मोजायची काडी बघितली. पातळी बरोबर, पण ऑईल काळं आणि फोडणी करपल्यासारखा वास. गाडी पुढे घ्यायला लिव्हर टाकला की इंजिन नुसतं ओरडतं, चाक हलत नाही. रिव्हर्स मात्र पडतो. तुमच्या दादांनी केबल आवळून बघितली, फरक नाही. अंगणात गाडी उलटीच चालते, शेजारणी हसतात.

अपघातानंतर ह्यांच्या डाव्या पायानं क्लच दाबवत नाही. ही बिनक्लचची एकच गाडी ते चालवू शकतात, हे तुम्हाला सांगायला हवं का? आपल्याच हातून बिघडली असं मनाशी धरून बसलेत. दत्तजयंतीला तुम्ही ती वाडीला नेलीत तेव्हा ठीक होती ना, तेवढं कळवा. लोभ आहे, पण चिठ्ठीनं कमी झालाय.

वर्षाराणी

पुणे, १५ जानेवारी

ती. सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

रागावू नका. गाडी वाडीला झकास गेली, झकास आली. एवढ्या जुन्या गिअरबॉक्सला आता पूजेनं काही होणार नाही. गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. इथले एक हौशी गृहस्थ ती आहे तशी विकत घ्यायला तयार आहेत, महिनाअखेर ट्रक पाठवतील. दादाला म्हणावं, रिक्षा लावून घे. माया आटू देऊ नका.

धैर्यशील

॥ श्री दत्त प्रसन्न ॥
कोल्हापूर, २० जानेवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद. द्यायचे म्हणून देते.

काल गडमुडशिंगीचे पिराजीमामा लग्नाची पत्रिका द्यायला आले. हे बाजारात गेले होते. चहा घेताना मामा कौतुकानं सांगायला लागले की, वाडीहून येताना धैर्यशीलचं पेट्रोल संपलं, तर आपण गाडी ट्रॅक्टरला बांधून थेट कोल्हापूरच्या वेशीवरच्या पंपापर्यंत आणली की, दोर एकदाबी तुटू दिला न्हाय. दादाला सांगू नका असं तुम्ही बजावलं होतं, तेही त्यांनी सांगून टाकलं.

क्लचच्या जीपला असं ओढलेलं चालतं, हिला चालत नाही, भाऊजी. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला ऑईलचा पंप बंद, ऑईल फिरत नाही, आणि चाकं तर फिरतच राहतात. आतल्या प्लेटा कोरड्या घासून जळतात. रिव्हर्सच्या वाचल्या, पुढे जायच्या गेल्या. आणि बोल कुणाला, तर मला. वर गाडी विकून मोकळे.

प्लेटा बदलल्या की गाडी चालेल. त्या तुम्ही आणायच्या. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्यावर त्यांचा जीव आहे, माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही. या, त्यांच्यासमोर बसा आणि तुम्हीच सांगा. फाटकाला मी कुलूप घातलंय, ट्रकवाल्यानं खेप घालू नये. सौदा मोडला, एवढी एक ओळ उलट टपाली पाठवा.

तुमची, अजून तरी,
वर्षाराणी वहिनी