गोवा ते चिपी, मोठ्या विमानाने

मंगळवार, संध्याकाळी सात

आज पुन्हा तेच. संगणकावरचं माझं विमान चिपीची धावपट्टी संपून पुढे गेलं, तेही दोनदा. आमचे हे दारातूनच म्हणाले, "गोव्यासून चिपीक येवक एवढा मोठा विमान कित्याक गो? यष्टीन आधी पोचतलंस."

लेकीचाही फोनवर सल्ला: आई, छोटं विमान घे, नाहीतर मोठं लांब तरी ने. तिला कसं सांगू? लांबच्या प्रवासात विमान आपलं आपण उडतं, माझ्या हाताला कामच राहत नाही. पक्षाघातानंतर हा उजवा हात कितीतरी महिने मांडीवर नुसता पडून होता. मोठं विमान उतरल्यावर थांबवायला टेबलावर जोडलेले इंजिनांचे दोन दांडे याच हाताने एकदम मागे ओढावे लागतात, आणि एवढ्याशा फेरीत हाताला उसंत नसते. म्हणून हेच विमान आणि हीच फेरी.

दोन दांडे. अंगठा घसरतो आणि एकच मागे येतो. पण आज चूक इंधनाचीही होती ना? परदेशी जाण्याइतकं भरलेलं. एवढं जड विमान थांबणार कसं? तिसऱ्यांदा थोडंच भरलं. चाकं टेकताच दात आवळून ओढलं, आणि दोन्ही दांडे बरोबर मागे आले. धावपट्टी शिल्लक असताना विमान थांबलं!

वळून बघते तर हे मागे खुर्ची ओढून बसलेले, केव्हापासून कोण जाणे. घसा खाकरून म्हणाले, "परतीचा विमान किती वाजता सुटता? माका येवचा आसा."

"फाल्या पाच वाजता," मी उद्याची वेळ दिली. "उशीर केल्यात तर मी थांबूचंय नाय."